श्री. पंचेचाळीस मिनिटे यांना अनावृत पत्र

सन्माननीय श्री. पंचेचाळीस मिनिटे,
मु. पो. होर्डिंग, बाळकुम नाका, ठाणे (पश्चिम)

सा. न. वि. वि.

नवी मुंबईच्या विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं, आणि लवकरच आपण आमच्या नाक्यावर हसऱ्या कुटुंबाच्या फोटोशेजारी राहायला आलात. 'विमानतळ फक्त पंचेचाळीस मिनिटांवर!' तेव्हा तिकडे विमानतळच नव्हता. पण आपण होतात, आणि आपल्या भरवशावर मी फ्लॅट घेतला.

अखेर 25 डिसेंबर 2025 ला तिथून विमानं उडू लागली. आता बाळकुमला एक सोडून दोन विमानतळ: तिकडे सहार, इकडे उलवे. गेल्या महिन्यात आपली गाठ घ्यावी म्हणून घरून निघालो. पहिली पंचेचाळीस मिनिटं कापूरबावडी आणि माजिवड्यातच गेली. पुढे कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता, आणि बरोबरीने भिवंडीच्या गोदामांतून उरणच्या बंदराकडे निघालेले कंटेनर. पोहोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. तिथून विमान गोव्याला सव्वा तासात जातं.

आपलं मोजमाप झालं तरी केव्हा? मला वाटतं पहाटे तीनला, संचारबंदीत.

मावसभावाची गोष्ट तर आपल्याला सांगायलाच हवी. तो दुबईहून सहारला उतरला आणि नागपूरचं पुढचं विमान त्याने उलव्याहून घेतलं होतं, मध्ये पाच तास ठेवून. मुंबई ती मुंबईच, असा त्याचा हिशेब. "दादा, तुमचं घर वाटेतच ना? जेवूनच जातो." घर वाटेत नाही, ती वाट वाशीच्या पुलावरून जाते. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? वरण-भात जेवून तो निघाला आणि विमान सुटल्याचा फोन ऐरोलीहून आला. रात्री तो पुन्हा आमच्याच सोफ्यावर.

24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं एक विमान सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं. दोन विमानतळ इतके शेजारी! आमच्या नशिबी तशी चूकही नाही. सहार ते उलवे रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर. त्यांना जोडायला तेवढ्याच लांबीची मेट्रो 8 आखली आहे. ठाण्याहून थेट विमानतळाला जाणारा उन्नत मार्गही आखला आहे. आखण्यात आम्ही कधी मागे नसतो. नाक्यावरचे मेट्रो 5 चे खांब पाहत पोरं शाळेत गेली आणि कॉलेजातून बाहेर पडली.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. माजिवड्याचा चौक मात्र जागचा हललेला नाही.

आपल्यावर राग नाही. मिनिटं म्हणून आपण खरीच असाल, फक्त आमच्या रस्त्यावरची नाही. एवढीच विनंती, की आपल्या नावाखाली बारीक अक्षरात का होईना, घड्याळातली वेळ लिहा.

आपला,
सातव्या मजल्यावरचा एक कर्जदार

ता. क. : उत्तर द्यायला समक्ष येणार असाल तर दुपारी नको. दुपारी कंटेनर सोडतात.