जपानेच्छू

बारावीची परीक्षा संपली की पुण्यातल्या काही घरांत एक जपानेच्छू प्रकट होतो. (मुलगी असली तरी लक्षणं हीच.) त्याच्या फोनवर फुजी पर्वत असतो, तोंडी 'इकिगाई' असते, मॅगी तो चॉपस्टिकने खातो आणि सुट्टे पैसे परत देणाऱ्या रिक्षावाल्यापुढेही कमरेत वाकतो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, हे तो तिथल्या पहारेकऱ्यालासुद्धा ऐकवतो. ज्यांच्या नावाची ती बाग, त्या पुलंनी 'पूर्वरंग'मध्ये जपानवर लिहून ठेवलं आहे, हे मात्र त्यालाच कोणीतरी ऐकवावं लागतं. ॲनिमे पाहून पाहून त्याने बरीच जपानी उचललेली असते. तिच्यातली निम्मी शिक्षकांसमोर काढण्याजोगी नसते, कारण ॲनिमेचा नायक ज्या तोऱ्यात स्वतःला 'ओरे', म्हणजे 'मी', म्हणतो तो तोरा जपानी प्राध्यापकापुढे मिरवला तर पुढचं संभाषण फार लांबत नाही. तरी ॲनिमेवरून त्याची टिंगल करणारे काका-मामा चुकतात. जपानी साहित्याचा मोठा अभ्यासक डोनाल्ड कीन याने १९४० साली न्यूयॉर्कमध्ये 'गेंजी' या अभिजात जपानी कादंबरीचं भाषांतर विकत घेतलं ते दोन जाड खंड ४९ सेंटला मिळत होते म्हणून. कोण कुठल्या दारातून आत शिरला हे कोणी विचारत नाही. दारातच ठाण मांडून बसला तर विचारतात.

आणि जपानेच्छू दारातच बसतो, एक्सेल उघडून. जपानी भाषा-साहित्यात बी.ए. करायचं, हे त्याने एका संध्याकाळी ठरवलेलं असतं. कुठे करायचं हे ठरवायला त्याला आठ महिने कमी पडतात. रकाने असतात ते असे: जागतिक क्रमवारी, फी, वसतिगृह, प्लेसमेंट, जपानला जायची संधी, कॅम्पसवर झाडं आहेत का. एका जपानेच्छूच्या तक्त्यात 'मेसमध्ये भात चिकट मिळतो का' असाही रकाना असला तर नवल वाटू नये. नसतो तो एकच रकाना. तीन वर्षांत काय वाचायचं, याचा. ज्या अभ्यासक्रमाच्या नावातच साहित्य आहे त्याची निवड साहित्य वगळून करता येते, हा शोध त्याच्या नावावर जमा व्हायला हवा. विद्यापीठ निवडायला माझ्या मते एक प्रश्न बहुतेक पुरतो: शेवटच्या वर्षी विद्यार्थी मूळ जपानीतून काय वाचतात, आणि ते त्यांच्याकडून कोण वाचून घेतं?

क्रमवारीला हा प्रश्न पेलत नाही. ती साऱ्या विद्यापीठाची असते. संशोधनलेखांचे उल्लेख, प्राध्यापक-विद्यार्थी प्रमाण, नावलौकिक, सगळं एकत्र घुसळून काढलेली. तिथल्या जपानी विभागात जुनी भाषा शिकवणारं माणूस आहे की गेल्या वर्षी निवृत्त झालं आणि जागा भरलीच नाही, हे तिच्यात दिसत नाही. मग जपानेच्छू म्हणतो, मग जपानलाच जातो, जपानी तिथल्यापेक्षा चांगली कुठे शिकवणार? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. पण तिथल्या विद्यापीठांतला जपानी साहित्याचा विभाग जपानी मुलांसाठी असतो. त्या मुलांनी शाळेतच अभिजात जपानीचं व्याकरण गिरवलेलं असतं, आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या 'गेंजी'ची चोपन्न प्रकरणं ही काय चीज आहे हे त्यांना ठाऊक असतं, वाचली नसली तरी. बाराखडी नुकतीच संपवलेल्या जर्मन मुलाला थेट एम.ए. मराठीच्या ज्ञानेश्वरीच्या तासाला बसवावं, तसा तो प्रकार होईल. वासेदासारख्या ठिकाणी इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम आहेत आणि चांगले आहेत, पण तिथे शिकवणं इंग्रजीत चालतं, हे विसरून चालत नाही. जपानला जावं जरूर. आधी पाया घालून, एका वर्षासाठी. परदेशी विद्यापीठांत जपानी हाच मुख्य विषय घेतलेल्यांसाठी जपान सरकारची वर्षभराची शिष्यवृत्ती आहे ती याच हिशेबाने. ऑक्सफर्ड आपल्या विद्यार्थ्यांना कोबे विद्यापीठात धाडतं तेही पहिल्या नाही, दुसऱ्या वर्षी. (ऑक्सफर्डची फी हा निराळा विनोद आहे, तो वडिलांनी सांगायचा.)

आता वडील आणि हिंजवडीतले मामा. त्यांचा आक्षेप दमदार आहे आणि त्याला उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुण्यात जपानी कंपन्यांचं काम करणाऱ्यांना भाषा जाणणारी माणसं हवी असतात, जपानी भाषापरीक्षेची एन-टू पातळी झालेल्याला काम मिळतं, मग हे साहित्य कशाला, असं ते विचारतात. मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष ते काढत नाहीत. एन-टूच हवं असेल तर बी.ए.ची गरजच नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा शहरातल्या कुठल्याही बऱ्या क्लासमध्ये नाव घालावं, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षेला बसत राहावं आणि पदवी खुशाल कॉमर्सची घ्यावी. त्या परीक्षेत एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. एक ओळ लिहावी लागत नाही, एक वाक्य बोलावं लागत नाही. तिची किंमत त्यामुळे कमी होत नाही, पण तीन वर्षांच्या पदवीचं साध्य म्हणून ती तोकडी आहे. २१३६ नित्योपयोगी कांजी ओळखणारा आणि सोसेकीची 'कोकोरो' ही कादंबरी मुळातून वाचून तिच्यातल्या 'सेन्सेई'ने ते पत्र का लिहिलं यावर दोन पानं लिहू शकणारा, यांत पडणारा फरक हाच पदवीचा विषय. पुढे दुभाष्याच्या आणि भाषांतराच्या कामात हा फरक उपयोगी पडतो. समोरचा जपानी साहेब 'विचार करतो' म्हणाला म्हणजे नाही म्हणाला, हे ज्याने कादंबऱ्या वाचल्या आहेत त्याला लवकर कळतं.

थोडं वाचन केलेला जपानेच्छू शेवटचा हुकमी पत्ता काढतो: आर्थर वेली. या गृहस्थाने गेंजी इंग्रजीत आणली, जपानी कुठल्या विद्यापीठात शिकला नाही आणि जन्मात जपानला गेला नाही. मग विद्यापीठ हवंच कशाला? खरं आहे. पण वेली ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला होता. भोवती पौर्वात्य चित्रं आणि पुस्तकं, आणि ती उलगडायला पुरेशी वर्षं त्याच्यापाशी होती. म्हणजे त्याचं उदाहरण विद्यापीठाविरुद्ध असेल, ग्रंथालयाच्या बाजूने आहे. तेव्हा एक्सेलमध्ये झाडांचा रकाना खोडून तिथे जपानी पुस्तकांचं कपाट लिहावं. कपाटाला कुलूप आहे का, तेही.

बाकी या घडीला पर्याय हाताशी आहेत. दिल्लीच्या जेएनयूत जपानीत बी.ए. ऑनर्स आहे, आधी भाषा यायची अट नाही, फी नाममात्र आणि प्रवेश सीयूईटीतून; साकुराचा मोसम पाठ असलेल्या जपानेच्छूला या परीक्षेच्या अर्जाची तारीखही पाठ असती तर बरं झालं असतं. शांतिनिकेतनात निप्पॉन भवन आहे, आणि १९१६ साली जपानला जाऊन आलेल्या रवींद्रनाथांची तिथली परंपरा. हैदराबादला इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ आहे. पुण्यातच टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि घरचं जेवून शिकता येणं ही क्षुल्लक सोय नव्हे. यातलं श्रेष्ठ कोणतं हे इथे बसून सांगणं म्हणजे पुन्हा क्रमवारीच झाली. विभागाचा चालू अभ्यासक्रम मागवावा, शेवटच्या वर्षाचं पान काढावं आणि त्यावरच्या पुस्तकांची नावं वाचावीत. तोवर हिरागानाची ४६ अक्षरं शिकून घ्यावीत. मराठी मुलाला ती जड जात नाहीत: क, स, त, न, ह, म, य, र, व हा त्यांचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून तिकडे गेलेला आहे आणि क्रियापद दोघांकडेही शेवटी येतं. आठ महिन्यांच्या एक्सेलमध्ये एवढं सहज बसतं.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याच्याकडून विभागप्रमुखांना एक ईमेल लिहून घ्या: शेवटच्या वर्षी मुळातून काय वाचून घेता? उत्तरात पुस्तकांची नावं आली तर अर्ज भरा. उत्तरात नुसतं 'एन-टू' आलं तर फी वाचवा आणि मामांचं ऐका.