निशाणी पाचचे वकीलसाहेब

तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराच्या सुमाराला सगळे पळत असतात. ज्युनिअर वकील या कोर्टातून त्या कोर्टात, पक्षकार वकिलामागे आणि पट्टेवाल्याचा पुकारा पक्षकारामागे. त्या गर्दीतून एकच गृहस्थ रमतगमत येतात. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही, हा नियम त्यांना माहीत आहे, तरी मे महिन्यातही अंगात कोट असतोच. कोट मुळात काळा होता, असं म्हणायला जागा आहे. हे बारमधले ज्येष्ठ दिवाणी वकील. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही कोर्टात जा, असे एक तरी वकीलसाहेब भेटणारच.

सनद सगळ्यांची एकच, पण पुढे जो तो आपल्या शाखेसारखा होत जातो. फौजदारीवाल्यांचा आवाज मोठा आणि घाई कायमची. आरोपीला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं, त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्यच चोवीस तासांच्या मापाचं. त्यात 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता आली, 302 चं 103 झालं, 420 जाऊन 318 मध्ये बसलं, आणि जन्मभर पाठ केलेले आकडे एका रात्रीत बाद झाले. मोटार अपघातवाले कुणाशीही ओळख झाली की आधी वय विचारतात, मग पगार. सव्वीस ते तीस वयाला गुणक 17, हे सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक त्यांच्या डोक्यात कोरलेलं असतं. लग्नात नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन ते मनातल्या मनात गुणाकार करतात, असा माझा दाट संशय आहे. चेक बाउन्सवाले दिवस मोजण्यात म्हातारे होतात.

आमच्या वकीलसाहेबांना यातलं काही लागत नाही. त्यांची दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची. ती अजून जागेवर आहे याचं त्यांना घरच्या थोरल्या माणसासारखं समाधान वाटतं. फौजदारीवाल्यांची तारांबळ बघून ते बाररूममध्ये चहाची बशी खाली ठेवत एवढंच म्हणतात, "आमचं बरं आहे."

नवा पक्षकार आला की ते त्याला बोलू देतात. भावानं बांध कोरला, विहिरीवरची मोटर काढून नेली, आईसमोर शिवी दिली, सगळं. शिवीशी कामाचा संबंध नसतो, पण ती ऐकून घेतल्याशिवाय पक्षकाराचं पोट हलकं होत नाही, हे त्यांना ठाऊक. मग सातबारा मागतात. तुम्ही-आम्ही सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघतो. ते थेट 'इतर हक्क' या रकान्यावर जातात, तिथल्या फेरफाराच्या नंबरांवर बोट फिरवतात आणि एका नंबरावर थांबतात. "हा सत्तावन सालानंतरचा दिसतो. कुळ होतं का जमिनीवर?" पक्षकार हबकतो. ही गोष्ट त्याच्या बापानंसुद्धा त्याला सांगितलेली नसते.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "बहिणी किती?"

पक्षकार म्हणतो, "त्यांचा काय संबंध? लग्नं झाली त्यांची, आपापल्या घरी सुखात हायत."

2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला जन्मानं हक्क आला आणि 2020 मध्ये विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टानं तो आणखी पक्का केला, हे सांगण्यात वकीलसाहेब वेळ घालवत नाहीत. वाटपाच्या दाव्यात एखादी बहीण पक्षकार करायची राहिली तर सगळा दावा लंगडा होतो, तेव्हा आकडा बरोबर हवा. म्हणून ते विचारतात, "भाऊबीजेला ओवाळायला किती जणी येतात?" पक्षकार बोटं मोजतो. "आणि भांडणामुळे येत नाहीत त्या किती?" तेव्हा मुंबईची थोरली बाहेर येते.

तिसरा प्रश्न ताब्याचा. जमीन कसतंय कोण? सगळी चाल या उत्तरावर ठरते. दावा दाखल झाला की सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो, त्याला आपल्याकडे बहुधा निशाणी पाच हा नंबर पडतो आणि त्याच नावानं तो ओळखला जातो. वकीलसाहेबांची कीर्ती या निशाणी पाचवर उभी आहे. मनाई मिळाली आणि ताबा आपल्या पक्षकाराकडे राहिला की त्यांची चाल मंदावते. साक्षीदार परगावी जातो, कागद तलाठ्याकडून यायचे असतात, वकिलाची कंबर धरते. कायद्यानं 2002 पासून एका पक्षाला तीनच मुदती ठेवल्यात, हे एका ज्युनिअरनं त्यांना धीर करून सांगितलं होतं. ते म्हणाले, "तीन म्हणजे एका कारणाला तीन. कारणं किती, हे कुठं लिहिलंय?" मनाई नाकारली गेली तर हेच गृहस्थ दर तारखेला उभे राहून न्यायाला उशीर होतोय म्हणून इतके कळवळतात की ऐकणाऱ्याला गहिवर यावा.

उलटतपासात मात्र त्यांचा हात धरणारा नाही. तिथे ते कायदा बोलतच नाहीत. आमच्याकडच्या साक्षीदाराला त्याचा वकील एकच मंत्र देऊन पिंजऱ्यात पाठवतो, समोरच्यानं काहीही विचारलं तरी 'म्हणणे खरे नाही' म्हणायचं. मी पाहिलेल्या एका दाव्यात वाशीला माथाडी काम करणारा एक पुतण्या वाटप मागायला उभा होता. वकीलसाहेबांनी सावकाश सुरुवात केली. तुम्ही वीस वर्षं गावात राहत नाही. म्हणणे खरे नाही. शेत तुमचे चुलते कसतात. म्हणणे खरे नाही. बांधावर आंब्याचं झाड आहे. म्हणणे खरे नाही. पुतण्याला लय सापडली, टायपिस्टचीही बोटं पळायला लागली. तेवढ्यात त्याच स्वरात, फाईलमधून मान वर न करता, "तुम्ही मयत खातेदाराचे चिरंजीव आहात."

"म्हणणे खरे नाही."

कोर्टात क्षणभर पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पुतण्याचे वकील उठून उभे राहिले. मुलगा नाही तर वाटणी कसली? वकीलसाहेब न्यायाधीशांना अदबीनं म्हणाले, "साहेब, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत." ते अर्थात टिकणार नव्हतं, रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे पुरावे फाईलला होते आणि साहेबांनी साक्षीदाराला हसू आवरत प्रश्न पुन्हा समजावून सांगितला. पण त्या दिवसापासून पुतण्याचा धीर सुटला आणि समेटाची बोलणी सुरू झाली.

कारण खरी गंमत ही की समेट हाच या माणसाचा आवडता निकाल. दहा-दहा वर्षं लढवलेले दावे ते लोकअदालतीत आणून मिटवतात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे दोन्ही मुद्दे पक्षकाराला पटतात, दुसरा जास्त. इतकी वर्षं मिटवायला त्यांच्याकडे एक हुकमी अस्त्रही होतं. दोन्ही भावांना समोर बसवून ते म्हणायचे, "इथं हरलास तर जिल्ह्याला अपील. तिथं हरलास तर मुंबई. रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, तिथल्या वकिलाची फी. बांधाची किंमत किती?" मुंबई म्हटलं की भाऊ एकमेकांकडे बघायचे आणि सहीला पेन मागायचे.

ऑगस्ट 2025 मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं. त्यासाठी बारनं जी आंदोलनं केली, त्यांत वकीलसाहेब पहिल्या रांगेत घोषणा देत होते. पेढेही त्यांनीच वाटले. गेल्या महिन्यात मात्र त्यांना प्रथमच पेच पडलेला दिसला. समेटाला बसलेल्या दोन भावांना सवयीनं त्यांनी शेवटचा धाक घातला, "मग हायकोर्टापर्यंत जावं लागेल, बघा."

थोरला म्हणाला, "जाऊ की साहेब. कोल्हापूर म्हंजे काय लांब हाय का? तारखेला दोघं एकाच गाडीनं जातो, येताना अंबाबाईचं दर्शन बी हुईल."

धाकट्यानं मान डोलावली. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.