पाइपचं काम

माझ्या आईनं कराडच्या अर्ध्या शनिवार पेठेला सांगून ठेवलंय की धाकटा कतारला पाइपचं काम करतो. लोकांना ते पटतं. रास लाफानहून अमिरातीकडे समुद्राखालून गेलेली डॉल्फिनची गॅसवाहिनी ३६४ किलोमीटर लांब आहे. अशा मुलखात पाइपचं काम म्हणजे पगार भक्कमच असणार. माझा पाइप मात्र कीबोर्डवरची एक उभी रेघ आहे. डावीकडच्या कमांडनं ओकलेलं उजवीकडच्या कमांडच्या तोंडात घालणारी. लांबी अर्धा सेंटिमीटर. आईचा गैरसमज दूर करायचा मी एकदा प्रयत्न केला होता. "म्हणजे तू गॅसमध्ये नाहीस?" असं म्हणताना तिचा चेहरा इतका उतरला, की मी म्हटलं, "आहे गं, थोडासा."

रेघेचा गर्व मात्र मला थोडासा नाही. दोह्यात शुक्रवारी जेवायला जमलेल्यांपैकी कुणी चुकून "फोल्डरमध्ये फायली किती ते कसं बघायचं?" असं म्हटलं, की मी हातातली वाटी खाली ठेवतो. 'एलएस' नावं सांगतो, 'डब्ल्यूसी' ओळी मोजतो, मध्ये रेघ मारली की झालं. इथंच थांबलो तर लोक मला पुन्हा बोलावतील. पण मी १९६४ सालात शिरतो. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी ते जोडून दाखवले. शिवाय 'डब्ल्यूसी' युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये आहे, आणि त्याच साली कतारला नॉर्थ फील्डचा वायू सापडला, हा योगायोग बघा! एवढं होईतो समोर ऐकायला फक्त आमटी उरलेली असते.

तर दादा. त्यानं कराडच्या घरातले जुने आल्बम स्कॅन करून एका फोल्डरात घातले. प्रत्येकाला मराठीत नाव दिलं, मला लिंक पाठवली आणि फोन केला, "१२०६ आहेत. मोजून घे."

मोजून घे! मला! मी एका ओळीत मोजले. १२०७. लगेच घरच्या ग्रुपवर लिहिलं, "दादा, हातानं मोजलं की असं होतं." पुढे एक हसरा चेहरा.

दादानं लिहिलं, "बरं. बघतो."

खरं तर हातानं मोजण्याला हसायचा मला काही अधिकार नाही, कारण मी आजीचा नातू आहे. वाड्यात कार्य निघालं की आळीभरची भांडी आमच्याकडे यायची. पातेली, पराती, ओगराळी, तांबे, शंभरावर वाट्या. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. कुणाच्या मुंजीप्रीत्यर्थ, कुणाला माहेरून. कार्य उरकलं की घासलेल्या भांड्यांचा अंगणात डोंगर. काकू मंडळी एकेक वाटी उचलून "ही तुमची का हो?" करायला लागल्या की आजी ओसरीवरून ओरडायची, "आधी लावा, मग मोजा!" मग एका नावाची भांडी एका रांगेत. रांग लागली की कुणाची वाटी कमी नि कुणाचा तांबा जास्त, हे आंधळ्यालाही दिसायचं. पुढे वीस वर्षांनी मला शिकवण्यात आलं की 'युनिक' या कमांडला फक्त शेजारच्या दोन ओळी सारख्या असतील तरच ओळखू येतात. मध्ये तिसरी आली की तिला सख्खी जुळी भावंडंही परकी. म्हणून आधी 'सॉर्ट', मग 'युनिक'. मॅन्युअलच्या पानातलं सगळं आजीच्या चार शब्दांत होतं. 'कॉम' नावाची कमांड तर दोन याद्यांचे तीन रकाने करते: फक्त यांचं, फक्त त्यांचं, दोघांचं. आजीकडे चौथाही रकाना होता: कुणीच न मागितलेलं. ते आमचं. माझ्या दोह्याच्या फडताळातली एक वाटी अजून कुणाच्या तरी १९६८ सालच्या बारशाची आहे.

असो. आठवड्यानं ऑफिसात मी हीच कमांड मोठ्या झोकात चालवत असताना मागे उभा असलेला केरळचा एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, 'एलएस'ला सविस्तर यादी मागितली की पहिली ओळ 'टोटल'ची येते. तुम्ही तीपण मोजताय." पंगतीतली माणसं मोजताना वाढप्यालाही धरावं, तसं मी केलं होतं. एसी सोळावर असताना मला घाम फुटला. दादाचे १२०६ बरोबर होते.

माफी मागायची, पण खात्री करून. रात्री फोल्डर पुन्हा उतरवून घेतलं, या वेळी साधी यादी, एका ओळीत एक नाव. उत्तर आलं, १२०७.

पहिल्यांदा आनंद झाला, हे कबूल करतो. मग संशय आला. 'एमडी-फाइव्ह-सम' प्रत्येक फाइलचा ३२ अक्षरी ठसा काढून देते. नाव काहीही ठेवा, आतला ऐवज तोच असेल तर ठसा तोच. ठसे काढले, रांगेत लावले, दुहेरी तेवढे मागितले. दोन ओळी आल्या: 'आई दारात' आणि 'आई दारात २'.

दादाला फोन लावला. "हा फोटो दोनदा का रे?"

"अरे, मी तीनदा मोजले. १२०६च येत होते. पण तू सगळ्यांदेखत ग्रुपवर लिहून बसला होतास. म्हटलं, तुझं खोटं पडायला नको. एक वाढवून टाकला."

मला बोलायला सुचेना. फोटो उघडला. मी पहिल्यांदा कतारला निघालो तो दिवस. आई चौकटीला हात टेकून गल्लीच्या टोकाकडे बघतेय आणि गल्लीत रिक्षा नाही. माझ्याकडे त्या दिवसाचे फोटो आहेत: विमानतळ, माझी बॅग, बॅगेसह मी. रिक्षा वळल्यावरही ती तिथेच उभी होती, हे मला त्या रात्री कळलं. काहीतरी करायचं म्हणून मी 'डब्ल्यूसी'ला 'आई' हा शब्द मोजायला दिला. अक्षरं दोन, बाइट सहा. ओळ मोडल्याचा वेगळा एक.

ग्रुपवर लिहिलं, "दादाचं बरोबर होतं, माझं चुकलं." आईनं उत्तर दिलं, "असू दे. गॅसचं काम दमवणारं असतं."

जास्तीची प्रत पुसायची कमांड टाइप करून झाली होती. एंटर दाबलं नाही. फोल्डरात आज १२०७ फोटो आहेत.