प्लगवाले आणि कार्बोरेटरवाले

टू-स्ट्रोक इंजिनाला चालू व्हायला पेट्रोल, हवा आणि ठिणगी पुरते. नांदेड-लातूरकडे शिवाय चार माणसं लागतात. १९७२ साली आम्हाला दुष्काळ आला, चेतक आली आणि लुनाही आली. चेतक तिरकी करून मग किक मारायची, ही विद्या तेव्हापासूनची. गाड्या गेल्या, विद्या पाठीवरच्या पेट्रोल पंपानं, म्हणजे फवारणीच्या पंपानं, जिवंत ठेवली.

श्रावणात झड सरून उघडीप मिळाली, की सोयाबीनवरच्या चक्री भुंग्यासाठी गावभर फवारणीची घाई. नेमका तेव्हाच पंप रुसतो. औशाकडच्या माझ्या सासुरवाडीत दोरी ओढून ओढून मेहुण्याचा खांदा गेला, तशी बांधावर माणसं जमली.

सासरे कट्टर प्लगवाले. त्यांनी प्लग काढला, तो ओलाचिंब. "बघा जावईबापू, पेट्रोल पिऊन बसलाय." कॉक बंद करून दोरी ओढली, आत साचलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून बाहेर काढलं. पॉलिश पेपरनं प्लग घासला. सांडलेलं पेट्रोल वाळू दिलं, मग प्लग वायरला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला. निळी ठिणगी पडली. मामांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू वीज त्यांच्याच घरची. इंजिन मात्र गप्प.

चुलत सासरे कार्बोरेटरवाले. त्यांनी टाकीला नाक लावलं. "पाव्हणं, हे मागच्या खरिपातलं पेट्रोल हाय." मुद्दा बिनतोड होता. पेट्रोल तसंच ठेवलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकटा जेटच्या बारीक भोकात बसतो. शिवाय हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं "सायलेन्सर जाळा, काजळी धरली असंल" म्हणून सायकल लावली. त्याला आधी चहा दिला. मग ऑइल लिटरला किती, यावर वाद. मी माहितीपुस्तक मागितलं. ते निघालं, पण प्रमाणाच्या पानावर दुधाचा हिशेब मांडलेला.

शेवटी जेट फुंकून साफ केला, ताजं मिश्रण घातलं, चोक दिला. दुसऱ्या ओढीला पंप फडफडला.

"प्लग घासला म्हणून," मामा ओरडले.

"असं? मग घाला की परत जुनं पेट्रोल!"

मामा खरंच डबा आणायला निघाले.