प्रिंटसोबत डिझाइन फ्री

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, फ्लेक्सच्या एखाद्या तरी दुकानावर ‘प्रिंटसोबत डिझाइन फ्री’ ही पाटी असायचीच. नोकरी न धरता ग्राफिक आणि वेब डिझाइनवर पोट भरायचं ठरवलेल्या तरुणाने महागडा लॅपटॉप हप्त्यांवर उचलण्याआधी या पाटीपुढे पाच मिनिटं उभं राहावं. पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक मनस्तापांचं मूळ त्याला तिथे फुकटात वाचायला मिळेल. दुकानदाराचं काही चुकत नाही. त्याच्याकडे मोजायला चौरस फूट आहेत. दहा बाय आठचा फ्लेक्स म्हणजे ८० चौरस फूट, गुणिले दर, अधिक फ्रेम, अधिक लावायची मजुरी. या हिशेबात डिझाइन कशाने मोजणार? म्हणून ते भाजीवर टाकलेल्या कढीपत्त्यासारखं वरून टाकायचं. लग्नपत्रिका शेकड्याने, व्हिजिटिंग कार्डं हजाराने, आणि वेबसाइट पानांनी. “पाच पानांची वेबसाइट कितीला पडेल?” असं विचारणारा माणूस अडाणी नसतो. ज्याचं माप डोळ्यांना दिसतं त्याचेच पैसे मोजायचे, या जुन्या आणि तशा शहाण्या नियमाने तो चाललेला असतो.

तेव्हा माझं म्हणणं असं, की स्वतंत्र डिझायनरचं करिअर त्याच्या डिझाइनवर उभं राहत नाही. ते काम सुरू होण्याआधी पार्टीला पाठवलेल्या एका साध्या, बिनचित्राच्या पानावर उभं राहतं. काय करणार, किती पर्याय दाखवणार, करेक्शन किती वेळा, ॲडव्हान्स किती, उरलेले पैसे कोणत्या तारखेला, आणि शेवटी फाइल कुणाची. रंगसंगती, ग्रिड, अक्षरांमधल्या मोकळ्या जागेचं तत्त्वज्ञान हे सगळं त्यानंतर. हे ऐकून कलावंत मंडळींचा घास घशात अडकेल, पण घास ताटात आला कुठून हेही कधीतरी बघायला हवं.

हा सिद्धांत तपासायला वाढदिवसाच्या फ्लेक्सइतकी उत्तम प्रयोगशाळा नाही. वरवर दोन तासांचं काम. मॅटर व्हॉट्सॲपवर येतं, तेही तीन हप्त्यांत आणि त्यातलं एक व्हॉइस मेसेजमध्ये. फोटो पंधरा, त्यांतले चार स्क्रीनशॉट, आणि खुद्द उत्सवमूर्ती भाऊंचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर परक्या माणसाचा हात तसाच. तो हात पुसायचा. हात पुसून झाला की कळतं, हाताचा मालक कालच आपल्या गटात आलाय, त्याला पूर्ण घ्या. मग ज्येष्ठतेचा घटनात्मक प्रश्न: देशपातळीवरचे नेते वर गोलात, राज्याचे त्याखाली, जिल्ह्याचे कडेला, शुभेच्छुक तळाशी, आणि प्रत्येकाच्या डोक्याचा व्यास त्याच्या राजकीय वजनाच्या प्रमाणात. हे वजन रात्री दहाला एक असतं आणि सकाळी आठला दुसरं. पक्षाचं चिन्ह म्हणून आलेली फाइल कुणाचा तरी डीपी निघते. मजकुरात ‘हार्दिक’ची ‘दि’ दीर्घ असते, ‘प्रसिद्ध’मधला ‘द्ध’ उलटा बसलेला असतो, आणि श्रीलिपीत टाइप केलेला परिच्छेद दुसरीकडे उघडला की अक्षरांची अशी काही दाणादाण उडते की तो भाऊंचा कार्यअहवाल आहे की त्यांच्यावरचा शाप, हे सांगता येत नाही. म्हणजे आपला डिझायनर एका बैठकीत चित्रकार, मुद्रितशोधक, फॉन्ट-वैद्य आणि पक्षसंघटक होतो. या चारांपैकी एकही गोष्ट चौरस फुटात बसत नाही.

डिझायनर मंडळी या करेक्शनना पार्टीचा लहरीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे काहीच ठरलेलं नाही तिथे प्रत्येक करेक्शन कायदेशीर आहे. किती वेळा बदलता येईल हे कुणी सांगितलंच नसेल, तर भाऊंना एकदा गोरं आणि एकदा ‘जरा नैसर्गिक’ करून मागण्याचा कार्यकर्त्यांना पूर्ण हक्क आहे. अशा व्यवहारात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’, ‘फायनल भाऊ ओके’ ही फाइलींची नावं हाच काय तो लेखी दस्तऐवज उरतो, आणि तो पार्टीच्या नव्हे, डिझायनरच्या बेशिस्तीचा असतो.

मग तासाचा दर लावावा, असं पुष्कळजण सुचवतात. तास हा मला चौरस फुटाचाच भाऊ वाटतो. १९७१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन नावाची विद्यार्थिनी ग्राफिक डिझाइन शिकत होती. तिथेच अकाउंटिंग शिकवणारे फिल नाइट बुटांचा धंदा उभारत होते. तिने तासाला दोन डॉलरने काम करून बुटांवरची ती जगप्रसिद्ध बाकदार खूण दिली आणि ३५ डॉलरचं बिल लावलं, म्हणजे हिशेबाने साडेसतरा तास. पार्टीच अकाउंटिंगची शिक्षक, त्यामुळे बेरजेत चूक निघायचं कारण नव्हतं. १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर आणि त्याच खुणेची हिरा बसवलेली अंगठी दिली, म्हणून ही गोष्ट गोड शेवटाची मानली जाते. पण तो शेवट कंपनीच्या भलेपणावर अवलंबून होता आणि बारा वर्षांनी आला. लॅपटॉपचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला येतो. शिवाय तासाचा दर कौशल्याला दंड करतो: हात जितका बसतो तितकं बिल घटतं. न्यूयॉर्क राज्याच्या १९७७च्या पर्यटन मोहिमेचं, लाल हृदयाचं ते चिन्ह मिल्टन ग्लेझरना टॅक्सीत सुचलं आणि त्यांनी कागदाच्या तुकड्यावर खडूने गिरवून टाकलं. त्यांनी मोबदला घेतला नाही ही गोष्ट वेगळी, पण वेळेच्या हिशेबाने बिल केलं असतं तर टॅक्सीचं भाडं जास्त भरलं असतं. “तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम” असं पार्टी म्हणते तेव्हा पुष्कळदा ती खरंच बोलत असते. म्हणून तर दोन मिनिटं विकायची नाहीत. ते चिन्ह कुठे, किती काळ, कुणाच्या नावावर चालणार, हे विकायचं.

आणि इथे गंमत अशी, की कागदाला जी बाजू बिचकते तिलाच त्याची जास्त गरज आहे. नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा नियमही वेगळा आहे. पण स्वतंत्र डिझायनरने रेखाटलेल्या कामाची मालकी १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याकडे जाते. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश घातला नसेल तर भारतापुरती. म्हणजे “आपल्यात कसला कागद?” असं प्रेमाने म्हणून, वीस वर्षं दुकानावर, पिशवीवर आणि टेम्पोवर लोगो मिरवणारे शेठ त्याचे वापरकर्ते असतील, मालक नसतात. ‘ओपन फाइल द्या’ यावरून जे महाभारत होतं, त्यातला मूळ जमिनीचा तंटा हा आहे. पैशांचंही तसंच. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाला ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि काही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. २०२३च्या वित्त कायद्यापासून तर असे थकवलेले पैसे देईपर्यंत पार्टीला तो खर्च वजाही दाखवता येत नाही, त्यामुळे तिचा सीए प्रथमच डिझायनरच्या बाजूने बोलू लागला. चिकित्सक म्हणेल, करारच नसेल तर हाच कायदा १५ दिवसांचीच मुदत देतो, मग कागद नसलेलाच बरा! खरं आहे. फक्त काम कधी दिलं आणि कधी स्वीकारलं हे दाखवावं लागतं, आणि पुरावा म्हणून हाती असतो व्हॉट्सॲपवर आलेला एक अंगठा. एकेकाळी शिक्षण नसलेली माणसं अंगठा उठवायची आणि सावकार मजेत असायचा. आता दोन्ही पक्ष पदवीधर आहेत.

सर्वांत जोरदार आक्षेप संबंधांचा. गावात सगळे ओळखीचे, कागद पुढे केला की माणूस दुखावतो. पण हाच माणूस मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय बघायला जातो तेव्हा काय करतो? डिपॉझिट, वेळेची मर्यादा, फुटक्या भांड्यांची भरपाई, हॉलमध्ये भटारखाना लावायचा की नाही, अशा बारीक अक्षरातल्या अटींवर चष्मा न लावता सही करतो आणि वर तारीख मिळाली म्हणून पेढे देतो. कार्यालयवाल्याने संबंध तोडले असं कुणी म्हणत नाही. केटरर ताटं मोजतो, बँडवाला अर्धे आधी घेतो. फक्त पत्रिका करणारा तेवढा ‘घरचा’. आणि संबंध तुटतात ते कागदाने नव्हे, तिसऱ्या महिन्यातल्या “देतो हो, पळून चाललोय का?” या वाक्याने. मराठी माणसाला डिझाइनची कदर नाही, हेही मी मान्य करणार नाही. दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं बघून दिवाळी अंक उचलणारा आणि कमल शेडग्यांच्या अक्षरांवरून नाटकाची जाहिरात लांबून ओळखणारा हा समाज आहे. कदर आहे, बिल नाही.

दुसरा आक्षेप प्रसिद्धीचा: आधी फुकट करा, नाव होईल. स्वच्छ भारतचा चष्मा कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी २०१४ मध्ये खुल्या स्पर्धेतूनच दिला, रुपयाचं चिन्हही २०१० मध्ये उदय कुमार यांनी स्पर्धेतूनच दिलं. अवश्य. पण सरकारी स्पर्धेच्या अटी, बक्षीस आणि मालकी सगळं आधी छापलेलं असतं, म्हणजे ती माझ्याच बाजूची साक्षीदार झाली. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं “पुढे खूप कामं देतो” हे कुठल्या राजपत्रात आलेलं मला माहीत नाही.

उरला यंत्राचा प्रश्न. २०१३ला कॅनव्हा आलं, आता तर वाक्य टाइप केलं की एआय चाळीस लोगो ओततं. उत्तम देवनागरी फॉन्टही फुकट मिळतात, आणि मिळावेत. स्वस्तातलं काम यात जाणार, बरंचसं गेलंही. त्याचे अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. पण पार्टीची व्याधी पर्यायांची टंचाई कधीच नव्हती. चाळीसांतला एक निवडून बाकीचे विसरायला लावणं, हे काम तसंच शिल्लक आहे. वेबसाइटच्या बाबतीत तर विचारूच नका. शाळेचं डोमेन संस्थाचालकांच्या भाच्याच्या ईमेलवर घेतलेलं असतं, भाचा परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या बंद पडलेल्या खात्यात पडते, आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात शाळेच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती झळकतात. डोमेन कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, दरवर्षी कोण भरणार, रात्री साइट पडली तर फोन कुणाला, या चार ओळींना कुठल्याही एआयपेक्षा जास्त भाव आहे, कारण चुकलं तर शिव्या खायला पत्ता लागतो.

पानावर लिहिलं तरी पार्टी वाचत नाही, असं शेवटी म्हणतात. सगळं पान वाचत नसेल; रकमा असलेली ओळ वाचतेच. ‘तीन करेक्शन धरली आहेत, चौथ्यापासून प्रत्येकी अमुक रुपये’ एवढंच त्या ओळीत असावं. मग वहिनींना जांभळा हवाय, मेहुण्यांना गणपती डावीकडे हवाय आणि भागीदाराला मुळात नावच बदलायचंय, हा सगळा वाद त्यांच्याच दिवाणखान्यात मिटतो आणि डिझायनरकडे रविवारी रात्री एकच मेसेज येतो, मुद्द्यांना क्रमांक घालून.