सहीखालचा माणूस

जोसेफ स्टॅलिन,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

५ मार्च १९४०च्या त्या कागदावर तुझी सही आहे. तिच्या जोरावर पोलंडचे २१,८५७ कैदी मारले गेले. लष्करी अधिकारी, पोलीस, डॉक्टर, प्राध्यापक. कातिनच्या जंगलातल्या खड्ड्यात एका मेजरची रोजनिशी सापडली. शेवटची नोंद ९ एप्रिलची. झडती घेतली, पैसे, पट्टा, खिशातला चाकू काढून घेतला, एवढं त्यानं लिहून ठेवलंय. पुढे काही नाही.

१३ एप्रिल १९४३ला बर्लिन रेडिओनं या खड्ड्यांची बातमी जगाला दिली. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सनं पोलिश अधिकाऱ्यांसाठी गळा काढला. आणि १९ तारखेला त्याच्याच राजवटीच्या फौजा वॉर्सातल्या ज्यू वस्तीत शिरल्या, घरामागून घर जाळत सुटल्या. त्याचे अश्रू खोटे होते, पण खड्डे खरे होते. तू नेमकी हीच फट धरलीस. सांगणारा खोटारडा, म्हणजे खूनही खोटा! पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तर तू त्यांच्याशी संबंधच तोडलेस.

आणि तुझे दोस्त? ब्रिटिश राजदूत ओमॅलींनी त्याच वर्षी आपल्या अहवालात बोट तुझ्याकडेच दाखवलं होतं. तो अहवाल दाबून ठेवला गेला, कारण हिटलरशी लढायला तुझं सैन्य हवं होतं. न्यूरेंबर्गच्या खटल्यात तुझ्या वकिलांनी कातिनचा आळ जर्मनांवर घातला. निकालात त्याबद्दल अवाक्षर नाही. हिटलरच्या छावण्या पाहून जगाचं रक्त उसळलं, उसळायलाच हवं होतं. तुझ्या खड्ड्यांपाशी आल्यावर ते थंड का पडलं? मेलेल्याच्या डोक्यात गोळी कुणाची, हे पाहून का रडायचं असतं?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका-मुलंच. त्यांना घरादारातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात तूच नेऊन टाकलं होतंस. कातिनला मारलेले कैदी जिथे होते, त्या कोझेल्स्कच्या तुरुंगछावणीतून घरी येणारी पत्रं १९४०च्या वसंतात एकाएकी थांबली होती. तिथल्या कैद्यांच्या बायकांनी पत्ता कुणाला विचारायचा? तुला?

मॉस्कोनं गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९०ला. तोवर वळिवड्याची पोरंही म्हातारी झाली होती.