मेहुण्यांचं पॅनेल

आमच्या मेहुण्यांना मी एकदा विचारलं, "तुम्ही संगणकावर रोज दोन-दोन तास नेमकं करता काय?"

"संगणक लावतो," म्हणाले.

नव्या जागेत गेल्यावर बायका घर लावतात, तसा. पंचवीस वर्षं झाली, अजून लावून व्हायचाय. मध्यंतरी ताईला विजेचं बिल छापून हवं होतं. "आज नको, पॅनेल हललंय," असं उत्तर आलं. ती खालच्या झेरॉक्सवाल्याकडून पाच रुपयांत छापून घेऊन आली, तेव्हा पॅनेल दोन पिक्सेल वर सरकलं होतं आणि मेहुणे डोळे बारीक करून ते लांबून बघत होते.

लिनक्सच्या मुलखात ही जमात हमखास सापडते. इतरांना संगणकाबरोबर जो डेस्कटॉप मिळतो त्याच्याशी ते मुकाट संसार करतात. इथे मात्र खिडक्या, मेनू, पॅनेल, घड्याळ हे सगळं जगभरच्या मंडळींनी आपापल्या परीनं करून फुकट ठेवलेलं असतं, आणि न पटलं तर दुसरं घ्यायला कुणाची ना नसते. मेहुण्यांना काहीच फार दिवस पटत नाही.

त्यांना साधं विचारावं, "हे खालचं पॅनेल वर कसं न्यायचं?" तर उत्तर १९९६ सालापासून सुरू होतं. त्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्यानं हाक दिली, की लिनक्सवर साध्या माणसाला वापरता येईल असा, सगळीकडे एकसारखा दिसणारा डेस्कटॉप करू या. ते केडीई. पण ते क्यूटी नावाच्या ज्या तयार सामग्रीवर उभं होतं, तिचा परवाना पुरेसा मोकळा नाही, असं अनेकांचं म्हणणं पडलं. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी वेगळी चूल मांडली. तो ग्नोम.

"पुढे २००० साली क्यूटी जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली आली. भांडणाचं कारणच संपलं."

"मग एकत्र आले?"

मेहुणे माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. गणपती मंडळ एकदा फुटलं, की पुढे वर्गणीचा हिशेब पैशाला पैसा जुळला तरी मांडव दोनच पडतात, हे मला कळायला हवं होतं. पॅनेल अजून खालीच असतं.

त्यांच्या आयुष्यात दोन मोठी दुःखं आहेत. पहिलं जानेवारी २००८ चं. केडीई ४.० तेव्हा कच्चंच बाहेर आलं. पुण्यातली जुनी माणसं पानशेतच्या पुराबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात मेहुणे त्याबद्दल बोलतात. पूर ओसरेपर्यंत ते ग्नोममध्ये राहायला गेले. तिथे २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि खिडकी खाली घालवायचं बटणच गायब झालं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं ताई सांगते. त्यांच्या मते जेवले, पण उशिरा. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुना ग्नोम पुढे चालू ठेवला आणि तिकडच्या एका पेयावरून त्याचं नाव ठेवलं 'माते'. मेहुणे तिथे शरण गेले. संकटात आपल्याकडेही माणूस दुसरं काय म्हणतो?

आणि चिकाटी? २००४ साली कुणीतरी ग्नोमकडे मागणी नोंदवली होती, की फाइल निवडायच्या खिडकीत नुसती नावं नकोत, फोटो छोटे-छोटे दिसावेत. माझ्या भाचीचा जन्म त्याच वर्षीचा. ते काम २०२२ च्या अखेरीस झालं, तोवर भाची मतदार झाली होती. मेहुण्यांनी पेढे आणले. आम्हाला वाटलं, पोरीला कुठे प्रवेश मिळाला.

मेहुण्यांना स्वतःला प्रोग्रॅमिंगची एक ओळ येत नाही. ते तक्रारी लिहितात. पण त्या लिहाव्यात त्यांनीच! नोकरी बँकेतली, त्यामुळे कोणती आवृत्ती, आधी काय दाबलं, मग काय दाबलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, सगळं व्हाउचर भरल्यासारखं. परवाची तक्रार अशी, की मराठी मेनूत 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसर्या' दिसतं. वाचणारा परदेशी. त्याला कळावं म्हणून यांनी इंग्रजीत समजावलं, की दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरांमधल्या. आणि आचार्यांना जेवायला बोलावतात, आचाऱ्यांना स्वयंपाकाला.

उत्तर आलं, नव्या आवृत्तीत तपासून कळवा, ठरल्या मुदतीत कळवलं नाही तर तक्रार मिटवू. मुदत नेमकी आमच्या अष्टविनायक सहलीत संपत होती. लॅपटॉप गाडीत आला. ओझरच्या भक्तनिवासात एकच प्लग, तोही दाराच्या मागे. मेहुणे रात्री सतरंजीवर दाराला पाठ लावून बसले होते, भाचीच्या फोनवरून नवी आवृत्ती थेंबथेंब उतरत होती, आणि कुणाला बाहेर जायचं झालं की आधी त्यांना उठवावं लागत होतं.

पहाटे 'दुसऱ्या' नीट उमटलं. मेहुण्यांनी तसं कळवलं. सकाळी रांगेत उभे असताना फोन वाजला. दुरुस्ती करणाऱ्यानं आभार मानून खाली एकच ओळ लिहिली होती: मग शेवटी जेवायला आलं कोण?

गाभारा जवळ आला, पुढची माणसं हात जोडू लागली. मेहुणे चष्मा कपाळावर सरकवून त्याला आचारी हा शब्द पहिल्यापासून समजावत होते.